नळीचा मान

मी मटण सोडलं ते मटणाच्या हावेपायी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढं जो मान मिळाला तो मिळाला नसता. नातीच्या मैत्रिणी घरी येतात, शिकलेल्या, नाजूक बोलणाऱ्या, आणि कौतुकानं विचारतात, "आजी, तुमचं घर तर मटण खाणारं. मग तुम्हीच कशा शाकाहारी झालात? बोकडाचा लळा लागला होता का?" मी हसते आणि "असंच काहीसं गं" म्हणून वेळ मारून नेते. खरं तर त्या बोकडाचा मला काडीचाही लळा नव्हता. तो बोकड महादुष्ट होता. वाळत घातलेला माझा नवा परकर त्यानं निऱ्यांपासून नाडीपर्यंत खाल्ला होता. त्या परकराचा हिशेब मी त्याच्याशी म्हसोबाच्या जत्रेला, माझ्या ताटात, चुकता करणार होते.

आमची वस्ती कोऱ्हाळ्याच्या शिवारात, कालव्याच्या पाण्याखाली. घरात आम्ही पाच माणसं. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. उंचेपुरे, आवाज असा की पलीकडच्या काठावरची बैलं कान टवकारायची. अख्खी सुपारी ते दाढेखाली धरून फोडत, आणि ते बघायला पाहुण्यांची पोरं मुद्दाम येत. आई त्यांच्या निम्म्यानं, सतत कामात आणि सतत काळजीत. मग मी अनसूया, म्हणजे अनशी, वय वर्षं दहा. माझ्या पाठचा दामू, पाच वर्षांचा. आणि तात्यांची थोरली बहीण गंगूआत्या. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि घरातलं देवाधर्माचं खातं तिच्याकडं होतं. आत्या एकदा काशीला जाऊन आली होती. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू देवाला सोडायची, ती पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही, अशी रीत. आत्यानं कारलं सोडलं. कारलं तिला कधी आवडत होतं हे आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं. पण घरात कारल्याची भाजी झाली की ती मोठा उसासा टाकून म्हणायची, "काय करता, देवाला दिलंय ना." आणि मग आम्हाला उपदेश करायची, "पोरांनो, देव हलक्या वस्तूवर न्हाय भुलत. जिवापाड आवडीचं सोडावं, तवा त्यो ऐकतो."

मटण वर्षातून चार-पाच वेळा शिजायचं, म्हणून त्या दिवसाला सणापेक्षा जास्त किंमत होती. सकाळपासून आई चुलीत कांदे भाजायची, सुकं खोबरं निखाऱ्यावर काळं करायची, आणि मग पाट्यावर वरवंट्याचा घरर घरर आवाज सुरू व्हायचा. तो आवाज ऐकला की मला दुसरं काही सुचत नसे. तिखट घालायच्या आधीचा आळणी रस्सा वाटीत मिळायचा, तो मी फुंकर न घालता प्यायची आणि दोन दिवस पोळलेली जीभ सगळ्यांना दाखवत हिंडायची. पंगत बसली की पहिली नळी तात्यांच्या पानात. ते ती ताटाच्या काठावर टक टक टक आपटायचे, मग तोंडाला लावून असा सुर्रकन ओढायचे की आतला मगज नाहीसा आणि डोळ्यांत पाणी. दुसरी नळी माझी. ती मला कुणी दिली नव्हती, मीच रडून-ओरडून मिळवलेली होती. बाकीच्या पाहुण्यांना. आई सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसायची आणि पातेलं भाकरीनं पुसून खायची. मी एकदा विचारलंही होतं, "आये, तुला गं नळी?" तर म्हणाली, "मला न्हाय आवडत. उग्र लागती." मला फार बरं वाटलं होतं. आईला नळी आवडत नाही म्हणजे भागीदार एकानं कमी, एवढाच अर्थ मी काढला.

त्या वर्षी दामूला मोठा ताप आला. एकवीस दिवस पोरगं अंथरुणात. आईनं म्हसोबाला बोकड बोलला, दामू उठून बसला, आणि जत्रेच्या दिवशी आमचा तो परकरखाऊ बोकड गुलाल लावून देवापुढं उभा राहिला. आमच्याकडं अशी रीत, की बोकडाच्या पाठीवर पाणी घालायचं आणि वाट बघायची. त्यानं आपणहून अंग झाडलं म्हणजे देवानं नवस पावता केला. मगच मुलाणीचाचा सुरी घेऊन पुढं होणार. पाणी पाठीवरच घालायचं. डोक्यावर, कानावर थेंबही पडता कामा नये, नाहीतर कौल खोटा. तात्यांच्या हातात तांब्या होता, गुरवानं हात जोडले होते, आणि सगळी भावकी गोल करून उभी होती. बोकड मात्र रवंथ करत होता.

एक तांब्या झाला, दुसरा झाला. ऊन डोक्यावर आलं. बोकडानं अंग झाडायचं सोडून गुरवाच्या उपरण्याचं टोक चावायला घेतलं. लोकांत कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, नवसात काहीतरी राहून गेलंय. कुणी म्हणालं, देव रागावलाय, पोराला जपा. ते ऐकल्याबरोबर आईनं दामूला उचलून पोटाशी धरलं आणि ती रडायलाच लागली. "म्हसोबा, माझ्या लेकराला सोड रं बाबा," असं काहीतरी ती पुटपुटत होती. इथं मला सांगायला पाहिजे की मीसुद्धा भावाच्या काळजीनं व्याकूळ झाले. पण झाले नव्हते. दामू समोर धडधाकट दिसत होता आणि त्यानं सकाळीच माझ्या भाकरीवरचा गूळ पळवला होता. मी व्याकूळ होते ती भुकेनं. घरी वाटण तयार होतं, पोटात कावळे ओरडत होते, आणि बोकड असाच उभा राहिला तर आज मटण नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

तेव्हा मला आत्याचं वचन आठवलं. जिवापाड आवडीचं सोडावं. माझं जिवापाड आवडीचं काय, याचा विचार करायला मला क्षणही लागला नाही. म्हसोबा रानातला देव, त्याला हळू ऐकू येत नाही, असंही आत्याच सांगायची. म्हणून मी डोळे मिटून जीव खाऊन ओरडले, "म्हसोबाऽ! बोकडाला अंग झाडू दे! मी जन्मात मटन खानार न्हाय!"

आणि बोकडानं अंग झाडलं. नाकापासून शेपटीपर्यंत असं झाडलं की पुढच्या रांगेतली माणसं भिजली.

माझ्या मनात 'उद्यापासून' असं होतं. देवाशपथ सांगते, उद्यापासूनच होतं. घाईत म्हणायचं राहिलं.

पुढं जे झालं ते मला कुणी समजावून सांगितलं नाही, आपोआप होत गेलं. आईनं दामूला खाली ठेवून मला छातीशी धरलं. "भावासाठी जिभेवर निखारा ठेवला गं माझ्या लेकीनं!" असं म्हणून ती आणखी जोरात रडायला लागली. बायकांनी डोळ्याला पदर लावले. एका म्हाताऱ्या चुलत आजोबांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. पंगतीत मी नेहमीच्या जागी बसले तर आत्यानं माझ्या पानात वांग्याची भाजी वाढली. वास सगळीकडून मटणाचा आणि पानात वांगं! मला रडू कोसळलं. तर आत्या लोकांना म्हणाली, "बघा, डोळ्यांत भक्तीचं पानी आलं पोरीच्या." आता या बाईला काय सांगावं? समोर तात्यांच्या पानात पहिली नळी पडली. त्यांनी ती उचलली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा ठेवली. "न्हाय जात," ते म्हणाले, "दाढ दुखतीया." सुपारी फोडणाऱ्या माणसाची दाढ! पण त्या दिवशी मला माझ्याच दुःखातून सवड नव्हती.

त्या दिवसापासून तात्यांची दाढ जी दुखायला लागली ती थांबेना. ऊस खाताना दुखत नसे, भाजलेले हरभरे खाताना दुखत नसे, मटण शिजलं की नेमकी ठणकायची. ते माझ्या शेजारी बसून वांगं खायचे. बारामतीच्या बाजाराला गेले की माझ्यासाठी गरम जिलबी आणायचे, भजी आणायचे, शेवेची पुडी आणायचे. पोरीनं एवढा त्याग केला याचा बापाला अभिमान वाटतोय, असं मी समजत होते. आणि त्या जिलबीचा घास घेताना मला चोरासारखं वाटायचं, कारण त्याग कसला नि काय, मी फक्त हावरट होते. सांगावंसं फार वाटायचं. पण एकदा पायाला हात लावून घेतले की ते परत कसे द्यायचे? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प राहिले.

मोहही कमी झाले नाहीत. एकदा घासायला आलेल्या पातेल्याला तळाशी रस्सा चिकटलेला होता. मी इकडंतिकडं बघून भाकरीचा तुकडा त्यात फिरवला, तोंडापर्यंत नेला, आणि पाठीमागून आत्याचा आवाज आला, "अनशे, राखेनं घास हां, तुला बिचारीला वासानंसुदीक मळमळत आसंल." मी तो तुकडा कुत्र्याला दिला. कुत्र्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं तेवढा आदर मला पुढं सासरीही मिळाला नाही.

आणि मग सगळ्यात मोठी पंचाईत झाली. पुढच्या जत्रेला शेजारच्या वस्तीवरचा बोकड अंग झाडेना. तिथली कारभारीण धापा टाकत आमच्या दारात आली. "अनशीला धाडा. तिच्या सबदाला देव मानतो." मी घाबरले, पण माझ्यापेक्षा तात्याच जास्त घाबरले. त्यांचा चेहरा पांढराफटक. "मी येतो संगं," ते म्हणाले, "पानी मीच घालनार. न्हायतर पोरगी येनार न्हाय." मी डोळे मिटून हात जोडले, तात्यांनी तांब्या ओतला, आणि बोकडानं अंग झाडलं. झालं! त्यानंतर पंचक्रोशीत बोकड अडला की अनशी. गाडी जुंपून यायची. तात्या तांब्या घेऊन बरोबर असायचे. एक बोकड कधी फुकट गेला नाही. सगळ्यांना मटण आणि मला मानाचं वांगं. दोन-तीन वर्षांत मला स्वतःलाच वाटायला लागलं की माझ्यात काहीतरी आहे. एकदा तर एकानं आटलेली म्हैस आणली. मी तिच्या कपाळावर हातही ठेवला. म्हशीनं शेण टाकलं, तेही त्याला शुभ वाटलं.

पंधराव्या वर्षी माझं लग्न ठरलं. इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याला. माणसं चांगली, उसाची शेती. लग्नाच्या खरेदीसाठी तात्या मला बैलगाडीतून बारामतीला घेऊन निघाले. सकाळची वेळ. कालव्याच्या कडेनं गाडी चालली होती. अर्धा रस्ता सरला तेव्हा त्यांनी कासरा ओढून गाडी थांबवली.

"अनशे," ते म्हणाले, "तुझ्या सासूनं तुला का पसंत केली ठावं हाय?"

"सैपाक येतो म्हनून."

"न्हाय. तिचा बोकड बोललेला हाय, थोरल्या लेकाचा. दोन जत्रा झाल्या, अंग झाडंना. तू गेलीस की पयल्याच जत्रंला तुला हुबी करनार हाय."

"करू द्या की," मी ऐटीत म्हणाले. "आजवर एक तरी अडला का?"

तात्यांनी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण शाळेत पाटी फोडलेल्या पोरासारखा दिसत होता. "तितं मी नसनार, पोरी. तांब्या कोन धरनार?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या पहिल्या दिवशी त्यांनीच तांब्या वाकडा केला होता. दोन थेंब बोकडाच्या कानात. नेमकं मी ओरडले तेव्हा. "तुझी आय रडाया लागली. तिचं त्वांड बघवंना मला. म्हनलं, देवाला काय, येक कान भिजला तर चालतंय. मला काय ठावं, तू तेवढ्यात जलमाचं सोडून बसशील! खरं सांगावं तर कौल खोटा, आन तुझी आय पुन्यांदा दामूच्या उशाला बसनार. मग गप बसलो. तुझ्या पानात वांगं बघितलं की मला घास उतरंना. म्हनून ती दाढ."

पाच वर्षं! पाच जत्रा, तीन लग्नं आणि भावकीतलं एक जावळ, एवढ्या पंगतींची वांगी माझ्या डोळ्यांपुढून गेली. मला असा राग आला की गाडीतून उडी मारून चालत घरी जावं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "तात्या, मी दामूसाठी न्हवतं वो सोडलं. मला भूक लागली व्हती. मटन लवकर शिजावं म्हनून बोलले. आन उद्यापासनं म्हनायचं ऱ्हायलं."

तात्यांनी आ वासला. मग ते हसायला लागले. त्यांचं ते हसणं ऐकून बैल दचकले आणि गाडी आपोआप चालू झाली. मीही हसले. इतकी हसले की पोटात कळ आली. एका जागी दोन खोटारडे शेजारी-शेजारी पाच वर्षं वांगं खात बसले होते आणि दोघांनाही दुसरा संत वाटत होता. त्या दिवशी बारामतीत तात्यांनी मला लुगड्यांबरोबर एक लहान तोंडाचा, बारीक धारेचा तांब्याही घेऊन दिला. थेंब नेमका कसा पाडायचा ते परतीच्या वाटेवर बैलाच्या कानावर शिकवलं. बैलानंही अंग झाडलं. (लासुर्ण्याला मात्र तो तांब्या वापरावा लागला नाही. सासूबाईंचा बोकड मी हात जोडायच्या आतच थरथरला. का, ते मला आजही माहीत नाही, आणि म्हणून मी म्हसोबाची चेष्टा एका मर्यादेतच करते.)

आमचं ठरलं. पुढच्याच आठवड्यात आमच्या म्हसोबाची जत्रा होती, माझी माहेरची शेवटची. दामू आता दहा वर्षांचा, गोऱ्ह्यासारखा दांडगा झालेला. त्याच्या काळजीचं काही कारण उरलं नव्हतं. पंगती उठल्या की आईला दोघांनी मिळून सगळं सांगायचं, तिची बोलणी खायची, आणि मग उरलेलं मटण खायचं. पंगतीत आम्ही दोघं वांगं पुढं घेऊन एकमेकांकडं बघून डोळे मिचकावत होतो. तात्यांची बोटं आत्तापासूनच ताटाच्या काठावर ताल धरत होती.

जेवणं उरकली. पाहुणे लिंबाखाली आडवे झाले. आत्या घोरायला लागली. मी आणि तात्या दबक्या पावलांनी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो, आणि आतून आवाज आला.

टक. टक टक.

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. चुलीशेजारी, भिंतीला पाठ टेकून, दमलेले पाय लांब पसरून आई बसली होती. तिच्या ताटात दोन नळ्या होत्या. एक आपटून झालेली, दुसरी हातात. डोळे मिटलेले. तिनं ती नळी तोंडाला लावून सावकाश ओढली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी दामू उठून बसला त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पहिली नळी तात्यांची, दुसरी माझी. पाच वर्षं त्या कुठं जातात हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मला न्हाय आवडत, उग्र लागती. मला त्या क्षणी माझी लाज वाटली, आणि आज हे लिहितानाही वाटते.

आईनं डोळे उघडले. आम्हाला बघून तिनं चटकन ताटावर पदर ओढला. नवी नवरी लाजावी तशी लाजली. "वाया जात्यात," ती म्हणाली, "तुमी दोघं खात न्हाय, म्हनून... टाकून कशाला द्यायचं?" मग जरा सावरून म्हणाली, "काय काम काढलं?"

मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी गालावर हात ठेवला.

"लवंग हाय का बघ," ते म्हणाले. "दाढ लई ठनकतीया."

आई उठायला लागली, तसं त्यांनी तिला हातानंच थांबवलं आणि डब्यातून आपली आपण लवंग काढून घेतली. मी पाणी प्यायले. तहान नव्हती, तरी दोन पेले प्यायले. बाहेर आल्यावर तात्या लवंग चघळत लिंबाकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अनशे, वांगं काय वाईट न्हाय बग. मसाला बरा पडला पायजे." मी म्हटलं, "व्हय. भरलं तर लईच झ्याक लागतं."

आई नव्वदीपार जगली. तात्या तिच्या आधी गेले, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत ठेवून. आता सांगायला कुणी उरलं नाही आणि खायला माझ्या तोंडात दात उरले नाहीत. तरी जत्रेला मी कोऱ्हाळ्याला जाते. दामूची नातवंडं एमआयडीसीतल्या कामावरून फटफट्या उडवत येतात, पंगत बसते, आणि कुणीतरी दरवर्षी चेष्टेनं विचारतं, "आत्याआजी, नळी वाढू का?" मी म्हणते, "वाढ. पण माझी आत दे, सुनंला." दामूची सून आतून ओरडते, "मला न्हाय आवडत, आत्याबाई!" मी तिच्याशी वाद घालत नाही. माझं वांगं खाऊन होतं, पंगत उठते, पोरं पांगतात. मी मात्र भिंतीला टेकून बसून राहते, आणि आतून आवाज येईपर्यंत हात धुवायला उठत नाही.